कोसमटोल्यात घन नाही

२४ नोव्हेंबर १९८६, सोमवार

दिवाळीची सुट्टी संपवून परवा भद्रावतीहून कोसमटोल्याला परतले. आज शाळा उघडली. मुले थोडीच आली, बाकीची धान कापायला गेलेली. आमची शाळा एका खोलीची. मधे बांबूचा तट्टा. अलीकडे पहिली-दुसरी घेऊन मी, पलीकडे तिसरी-चौथी घेऊन मुख्याध्यापक लटारू गुरुजी. त्यांच्याकडची मुले पाढे म्हणू लागली की माझी मुलेही म्हणतात. थांबत नाहीत.

दुपारी फाट्यावर एसटीतून उतरवलेला एक खोका बैलबंडीने शाळेत आला. वरून आलेले शैक्षणिक साहित्य. उघडल्यावर मला भरूनच आले. आत कप्पे, कप्प्यांत गुळगुळीत लाकडाचे आकार: गोल, शंकू, वृत्तचिती, इष्टिकाचिती. पाचव्या कप्प्यावर लिहिले होते ‘घन’, आणि तो कप्पा रिकामा.

सोबतच्या कागदावर सूचना: मुलांना परिसरातील वस्तूंमधून त्रिमितीय आकार ओळखायला शिकवावे. सुरुवात घनापासून करावी. घन पक्का झाल्याशिवाय पुढे जाऊ नये. डिसेंबरात विस्तार अधिकारी येऊन मुलांना विचारतील.

लटारू गुरुजींनी कागद वाचला, उलटा करून मागे काही आहे का ते पाहिले आणि म्हणाले, "खोक्यात नाई तर नाई, बाई. परिसरात म्हनते ना त्याहिनं? गावात कुठी तरी भेटन."

मग त्यांनी तंबाखू मळत दुसरी गोष्ट सांगितली. एवढ्याशा पटाच्या शाळेला दुसरा शिक्षक कशाला, असे तालुक्याला चालले आहे. साहेब यायचे आहेत ते त्यासाठीही. माझी नेमणूक तात्पुरती. आजोबांनी छप्पन साली चांद्याला दीक्षा घेतली, बाबा फॅक्टरीत लागले, आणि खडू हातात धरणारी घरातली पहिली मी. तात्पुरती म्हणून परत कशी जाऊ?

२५ नोव्हेंबर, मंगळवार

शाळा सुटल्यावर घन शोधायला गाव फिरले. घागर गोल. रांजण गोल. तुंबा गोल, तोही धड गोल नाही. उखळ, टोपली, धानाची कणगी, विहीर, सगळे गोल. भिंती मातीच्या, त्यामुळे विटा नाहीत. दुकानातली काडीपेटी इष्टिकाचिती, साबणाची वडी इष्टिकाचिती. गुळाची भेली बसल्या जागी पसरलेली; तिला कोणतेच नाव देता येत नाही.

अध्यापक विद्यालयात आम्हाला शिकवले होते की परिसर हेच सर्वोत्तम पाठ्यपुस्तक. या पाठ्यपुस्तकात घनाचे पान नाही.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

घन नाही म्हणून किती दिवस गप्प बसायचे? सूचना मोडून गोलापासून सुरुवात केली. काल मुलांना सांगितले, उद्या प्रत्येकाने एक गोल वस्तू आणा. बेलफळे आली, मातीचे गोळे आले, एकाने आपल्या लहान भावाला आणले आणि त्याचे डोके दाखवले. मी शाबासकी दिली.

दुसरीतल्या सोमारीने टोपली आणली. त्यात वर वर खवले असलेला एक मोठा करडा गोळा. "बाई, गोल." खरोखर उत्तम गोल होता. मी तो टेबलावर ठेवला, मुलांना त्याभोवती बसवले आणि गोलाला एकच वक्र पृष्ठ असते, कडा नसतात, असे सांगू लागले. इतक्यात गोल उघडला.

त्यातून आधी नाक आले. मग पाय. मग तो टेबलावरून उतरला आणि चालू लागला. खवल्या मांजर! मुले खाली बसलेली होती ती तशीच मागे सरकली, पण एकही रडले नाही. सोमारी शांतपणे म्हणाली, "बाई, आता शंकू झाला." शेपटीकडून पाहिले तर तिचे बरोबर होते. शंकू तट्ट्याखालून पलीकडे गेला, आणि तिसरी-चौथीचे पाढे थांबले. मी आल्यापासून ते पहिल्यांदाच थांबले.

गुरुजींनी दार उघडून त्याला जंगलाच्या बाजूला जाऊ दिले. मला म्हणाले, "बाई, जित्ता परिसर नका बोलावू."

२ डिसेंबर, मंगळवार

आज एक उपाय सुचला. मुलांना सांगितले, घरी सगळ्यांना सांगा की बाईंना घन पाहिजे, कोणाकडे असेल तर शाळेत आणून द्या. मुलांनी तीनदा म्हणून दाखवले: "बाईले घन पायजे." उच्चार स्पष्ट होते.

३ डिसेंबर, बुधवार

सकाळी शाळेच्या दारात सात-आठ माणसे उभी. प्रत्येकाच्या खांद्यावर दगड फोडायचा मोठा घण.

चूक माझी. इथे ‘ण’ कोणी म्हणत नाही. पाणी ते पानी, लोणी ते लोनी आणि घण तो घन. माझ्या घरीही असेच बोलतात. मीच अध्यापक विद्यालयात जाऊन विसरले. बिचारे पहाटे उठून आले होते. एक जण म्हणाला, "बाई, काय फोडाचं हाये?" मी काय सांगणार? लोकांनी इतक्या आपुलकीने आणलेली वस्तू परत कशी करायची, म्हणून म्हणाले, ठेवा. त्यांनी भिंतीला ओळीने उभे केले आणि समाधानाने घरी गेले. कामावर कोणी गेले नाही. घण तर शाळेत होते.

५ डिसेंबर, शुक्रवार

फाट्यापासून गावापर्यंत रस्ता होत आहे, त्याचा मुकादम तावातावाने आला. नाल्याच्या पुलाचे काम दोन दिवस बंद.

"बाई, माहे घन इथी काऊन?"

"हे घन नाहीत," मी म्हणाले.

"मंग काय हायेत?"

"हे घण आहेत."

"तेच म्हनतो मी. घन."

"मला घन पाहिजे होता. घण नव्हे."

तो माझ्याकडे पाहत राहिला. मग तट्ट्यावरून डोके काढून गुरुजींना हळूच विचारले, "बाईची तब्येत बरी हाये ना?" गुरुजी म्हणाले, "भद्रावतीची हाये." त्याने मान हलवली आणि घण उचलून नेले. जाताना ऐकवले की आता साहेबाची जीप येईपर्यंत पूल होत नाही.

संध्याकाळी गावातले म्हातारे दसरूबाबा माझ्या ओसरीवर येऊन बसले. गावात वाद लागला की त्यांचा शब्द शेवटचा. फार गंभीर चेहऱ्याने विचारले, "बाई, तुमाले पायजे तरी काय?" मी समजावले की घनाला सहा सारखी पृष्ठे असतात. पृष्ठ म्हणजे तोंडच समजा.

"सहा तोंडं?"

"हो."

"आन थे खाते काय?"

मी शांतपणे सांगितले की घन काही खात नाही. ते विचारात पडले. "सहा तोंडं असून खात नाई. मंग पाळाले बरा हाये." असे म्हणून पंचा तोंडावर धरून, खांदे हलवत निघून गेले. थंडीचा खोकला असावा.

६ डिसेंबर, शनिवार

सकाळची शाळा. गुरुजी नेहमीप्रमाणे शनिवारच्या तालुक्याच्या मीटिंगला गेले. मुख्याध्यापकांना दर शनिवारी मीटिंग असते, याचे मला कौतुकच वाटते. इतर शाळांत एवढी शिस्त नसेल. पिशवी मात्र त्यांनी छातीशी धरली होती आणि ती हलत होती. दारातून बाहेर पडताना पिशवी आरवली. साहेबांसाठी कोंबडा नेत असावेत. मला हे लाचेसारखे वाटले, पण वडीलधाऱ्यांना काय बोलणार.

संध्याकाळी खोलीत बाबासाहेबांच्या फोटोपुढे मेणबत्ती लावली. माझी घरमालकीण बायनाबाई येऊन शेजारी बसली. तिचे यजमान लच्छूभाऊ सुतार घरी नव्हते. शनिवारी कधीच नसतात. "कामाले जाते," ती म्हणाली आणि मेणबत्तीकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "बाई, तुमच्या घरचे मानसं शनवारी कुठी जाते?" मी सांगितले, बाबांना फॅक्टरीतून सुट्टी झाली की घरीच असतात. ती म्हणाली, "घरीच?" आणि पुन्हा म्हणाली, "घरीच."

९ डिसेंबर, मंगळवार

आपल्याच घरात सुतार असून मला हे आधी कसे सुचले नाही! लच्छूभाऊ बैलबंड्यांची चाके करतात. त्यांना म्हटले, लाकडाचा एक घन करून द्या, नारळाएवढा, सगळ्या बाजू सारख्या. त्यांनी चमकून बायनाबाईकडे पाहिले. ती चुलीकडे तोंड करून बसली होती.

"सहा बाजूचा?" त्यांनी विचारले.

"हो. येईल ना?"

"पाह्यतो."

१२ डिसेंबर, शुक्रवार

लच्छूभाऊंचा घन रोज लहान होतो. एक बाजू जास्त झाली म्हणून रंधा मारतात, मग दुसरी जास्त दिसते. मंगळवारी नारळ, बुधवारी कवठ, काल लिंबू. आज सुपारीएवढा झाला आणि तिथे थांबला. पण काय घन! कडा सरळ, कोपरे नेमके, डोळे दिपले. मी म्हणाले, "लहान आहे, पण चालेल, द्या." ते म्हणाले, "नाई नाई, मोठा करून देतो." लहान केलेले लाकूड मोठे कसे करणार, हे विचारेपर्यंत त्यांनी तो खिशात टाकला. नंतर म्हणाले, हरवला.

दुसरा लाकडाचा तुकडा घेतला. संध्याकाळपर्यंत तोही सुपारीएवढ्यावर येऊन थांबला. तोही हरवला.

बायनाबाई म्हणाली, "त्याचा हात त्याच मापावर बसला हाये, बाई," आणि तवा इतक्या जोरात आपटला की कोंबड्या उडाल्या. धंद्यातली सवय असावी. बंडीच्या चाकात सुपारीएवढे काय लागते ते विचारायचे राहिले.

१३ डिसेंबर, शनिवार

बायनाबाईकडून कोहळ्याची फोड मागून घेतली आणि सुरीने स्वतःच घन कापला. छान झाला. वर्गात फिरवायला दिला. पहिल्या रांगेतून दुसरीत गेला, तिसरीत गेलाच नाही. खाल्ला. कच्चा.

पुढच्या शनिवारी विस्तार अधिकारी येणार असा निरोप आहे. वर्गातच डोळ्यांत पाणी आले. सोमारी उठून आली आणि खोक्यातला लाकडी शंकू माझ्या हातात ठेवून गेली, जसे रडणाऱ्या बाळाला काहीतरी देतात. तट्ट्यावरून गुरुजींचे डोके वर आले. "रडू नका बापा," ते म्हणाले. "पोरं पाहून राह्यले. करतो मी काहीतरी. आज मीटिंग हायेच."

१५ डिसेंबर, सोमवार

घन मिळाला! एक नव्हे, सहा!

गुरुजींनी सकाळी कोपरीच्या खिशातून एक फडके काढले. आत सुपारीएवढे सहा लाकडी घन, आणि प्रत्येकाच्या सहाही पृष्ठांवर वेगळे रंगीत चित्र: बदाम, इस्पिक, चौकट, किलवर, झेंडा आणि मुकुट घातलेली मुंडी. पृष्ठे ओळखण्यासाठी याहून चांगले साधन मी पुस्तकातही पाहिले नाही. ज्याने ही कल्पना काढली तो खरा शिक्षक.

"तालुक्याहून आणले?"

"मीटिंगमधून," गुरुजी म्हणाले. "पन बाई, हे दिवसा जास्त बाहेर नाई काढाचे. आन शनवारी दुपारी मले परत पायजेत."

शासकीय वस्तू जपून वापरावी, हे त्यांचे म्हणणे पटले.

१८ डिसेंबर, गुरुवार

चार दिवसांत मुले कुठल्या कुठे गेली! घरी गोंडी बोलणारी, माझे अर्धे शब्द न कळणारी मुले घन हातात घेऊन सहाही पृष्ठे नावानिशी सांगतात. कापणीला गेलेली मुलेही परत आली. कालपासून वडील माणसे खिडकीशी येऊन उभी राहतात. पालकांमध्ये शिक्षणाची एवढी ओढ मी कुठे पाहिली नव्हती. एका बापाने तर आपल्या मुलाला बाहेरून सांगितले, "झेंडा धर, झेंडा."

मुले आता सगळीकडे आकार पाहतात. सोमारीने दसरूबाबांच्या चिलमीला शंकू म्हटले. बाबा म्हणाले, "आन धूर?" ती म्हणाली, "धूर अजून शिकवला नाई."

२० डिसेंबर, शनिवार

साहेब येऊन गेले. जसे घडले तसे लिहिते.

पूल अर्धवट असल्याने जीप नाल्यापलीकडे राहिली. विस्तार अधिकारी वामनराव साहेब आमराईच्या पायवाटेने चालत आले. सकाळी यायचे होते ते शाळा सुटायच्या वेळेस पोचले. साहेब घामाघूम पण खुशीत होते, आणि कोटाच्या खांद्यावर कोंबड्याचे एक लाल पीस होते. मी अदबीने ते दाखवले. त्यांनी झटकन काढले. गुरुजींकडे त्यांनी पाहिले नाही आणि गुरुजींनी त्यांच्याकडे पाहिले नाही. दर शनिवारी मीटिंगला भेटणारी माणसे ही! हुद्द्याची शिस्त असावी.

साहेब आल्याचे कळून गाव जमले. दसरूबाबा उंबऱ्यावर, बायनाबाई आणि बायका खिडकीशी. मुलांनी गोल, शंकू, वृत्तचिती पटापट सांगितले. साहेब म्हणाले, "आणि घन?"

मी फडके त्यांच्यापुढे सोडले.

साहेब बघतच राहिले. मग, मला वाटते नकळत, त्यांनी सहाही घन ओंजळीत घेतले, कानाशी खुळखुळवले, त्यांवर फुंकर घातली आणि सतरंजीवर टाकले. सगळी मुले वाकली. "झेंडा! झेंडा! बदाम! मुंडी! चौकट! झेंडा!"

"साहेबाचा हात बसलेला हाये," उंबऱ्यावरून दसरूबाबा म्हणाले.

अध्यापनाची ही कृती मला सुचली नव्हती: टाकायचा आणि वर आलेले पृष्ठ ओळखायचे. मी लगेच टिपून घेतली. साहेबांचा चेहरा मात्र पांढरा पडला होता. चालण्याचा त्रास झाला असेल.

त्यांनी घसा साफ केला आणि सोमारीला विचारले, "बाळ, याला काय म्हणतात?"

"घन."

"याचा उपयोग काय?"

"बाई म्हनते, तोंडं मोजाले. गुरुजी म्हनते, दिवसा नाई काढाचं."

तट्ट्यापलीकडे गुरुजी एकदम मोठ्याने तेरा एके तेरा म्हणू लागले.

मग दसरूबाबा सावकाश उठले. "साहेब, हे शाळेचं सामान हाये ना?"

"म्हणजे... हो. शैक्षणिक साधन. उत्तम साधन."

"तसंच म्हनतो मी. दुसरं काय असन, नाई का? असे घन तिकडं आमराईत लय हायेत. उगाच पडून राह्यले. पोरं एवढे, आन घन सहाच. सगळे शाळेले नाई पायजे का?"

साहेबांनी खिडकीकडे पाहिले. खिडकीत नुसत्या बायका होत्या. बायनाबाई म्हणाली, "लिहून द्या, साहेब." आणि दुसरी, आणि तिसरी: "लिहून द्या."

साहेबांनी शेरेबुकात लिहिले: घन या घटकाचे अध्यापन उत्कृष्ट. दुसरे शिक्षकपद चालू ठेवावे. परिसरात आढळणारे अशा प्रकारचे सर्व घन शैक्षणिक साहित्य म्हणून शाळेत जमा करावेत. सही. शिक्का.

माझे पद चालू ठेवावे! साहेब गेल्यावर मी गुरुजींना पेढा द्यायला गेले, तर ते डोक्याला हात लावून बसले होते. आनंदाने माणसे अशीही बसतात.

२५ डिसेंबर, गुरुवार

बायनाबाई आणि बायकांनी परवाचा बेत पक्का केला. शनिवारी शाळा सुटल्यावर मुले, बायका आणि मी, सगळ्यांनी आमराईत जाऊन घन गोळा करायचे. मी प्रभातफेरीसारख्या घोषणा शिकवल्या. बायका इतक्या उत्साहात आहेत की त्यांनी टोपल्या आजच सारवून ठेवल्या. साक्षरतेचे वारे म्हणतात ते हेच.

लच्छूभाऊ दोन दिवस जेवत नाहीत.

२७ डिसेंबर, शनिवार

घाईघाईने लिहिते आहे. अक्षर वाईट येईल.

शेरेबुक छातीशी धरून मी पुढे, मागे दोन-दोनच्या रांगेत मुले, त्यांच्यामागे बायका टोपल्या घेऊन. "सहा तोंडं, बारा कडा, आठ टोकं!" अशा घोषणा देत आम्ही आमराईत शिरलो.

दोऱ्या बांधलेल्या रिंगणात दोन कोंबडे झुंजत होते. त्यांच्या पायांना पाती बांधलेली. भोवती शंभर माणसे. कडेला झाडाखाली चादरी पसरलेल्या, चादरींवर तीच सहा चित्रे, त्यांवर पैसे, आणि डब्यात घन खुळखुळवणारी माणसे. एका चादरीशी लच्छूभाऊ नव्या घनांची थैली घेऊन बसले होते. रिंगणाशी काखेत कोंबडा धरून लटारू गुरुजी उभे होते.

मला कळले. एकदम, सगळे. तालुक्याची मीटिंग, सुपारीचे माप, साहेबांची फुंकर, खिडकीतल्या बापांची शिक्षणाची ओढ. मागे वळून बायनाबाईकडे पाहिले. तिला काहीच नवीन नव्हते. कोणत्याच बाईला नव्हते. त्या माझ्याकडे बघत होत्या. बाई आता काय करते ते बघत होत्या.

माणसांनी आम्हाला पाहिले, मुलांना पाहिले, बायकांना पाहिले. अर्धी माणसे नदीकडे पळाली. पण मधल्या चादरीवरचा एक जाडजूड माणूस उठला. तो आमच्या गावचा नव्हे. खेळ त्याचा होता. "काय पायजे?" तो म्हणाला.

वाटले, वळावे आणि सरळ भद्रावतीचा रस्ता धरावा. तेवढ्यात मागून मुलांची घोषणा पुन्हा सुरू झाली. ती काही थांबलेली नव्हती, मलाच ऐकू येत नव्हती.

मी शेरेबुक उघडून साहेबांचा शेरा मोठ्याने वाचला. शिक्क्यासकट.

"हा जुगार हाये, बाई," तो म्हणाला. "शाळा नाई."

"याला सहा पृष्ठे आहेत," मी म्हणाले. "बारा कडा आहेत. आठ शिरोबिंदू आहेत. म्हणून हा घन आहे. आणि घन शिक्षण खात्याचा आहे. नसेल देत तर नाव सांगा तुमचं, मी लिहून घेते."

तो हसला. मग त्याने पाहिले की बायका हसत नाहीत, आणि त्या चादरीच्या चारही बाजूंना आल्या आहेत. बायनाबाई लच्छूभाऊंसमोर जाऊन उभी राहिली. तिने टोपली पुढे केली. लच्छूभाऊंनी थैली तिच्यात ओतली. शेवटचा एक घन त्यांनी बोटांत फिरवून पाहिला, आणि तोही टाकला. मग दुसऱ्याने डबा ओतला. मग तिसऱ्याने.

जाडजूड माणसाने आपला डबा सगळ्यांत शेवटी ओतला. एका मुलाने चादरीवरच्या पैशांना हात लावला, तर सोमारीने त्याचा हात मागे ओढला. "तो नाई घ्याचा. तो घन नाई. तो वृत्तचिती हाये."

मी नाण्याकडे पाहिले. खरेच, चपटी वृत्तचितीच. शिकवलेले नव्हते. तिने आपणहून ओळखले. त्या गोंधळात मला एवढा आनंद झाला की मी तिला तिथेच शाबासकी दिली आणि सगळ्या मुलांकडून टाळ्या वाजवून घेतल्या. दोन-चार जुगाऱ्यांनीही वाजवल्या.

परतताना गुरुजी आमच्या मागून चालत होते, कोंबडा काखेत. नाल्यापाशी ते म्हणाले, "बाई, तुमचं नाव खराब नाई होनार. माह्यं होईन." मी म्हणाले, "गुरुजी, लहान मुलांना तेवढं धरून नाला ओलांडून द्या." त्यांनी कोंबडा बायनाबाईच्या हातात दिला आणि एकेका मुलाला उचलून पलीकडे नेले.

या वहीची मागची पाने वाचली. फाडून टाकावीशी वाटतात. किती बावळट आहे मी! पण ठेवते.

२ जानेवारी १९८७, शुक्रवार

दुसरे पद चालू ठेवल्याचा आदेश आला. बाबांना पत्र लिहायला बसले. ‘घन या घटकावर चांगले काम झाले’ एवढेच लिहिले.

आमराई रिकामी आहे. जाडजूड माणूस दुसऱ्या गावाला गेला म्हणतात. तिथे कोण त्याला अडवणार, माहीत नाही. वर्गात मात्र प्रत्येक मुलापुढे मूठभर घन आहेत. त्यांनी आज जमिनीवर त्यांची भिंत रचली, मग विहीर रचली. घनांची विहीरही गोल येईना, म्हणून भांडली.

३ जानेवारी, शनिवार

सकाळी शाळा सुरू होण्याआधीच बायनाबाई आणि चार-पाच बायका आल्या. चेहरे उतरलेले. मला धसका बसला, पुन्हा खेळ सुरू झाला की काय.

"नाई हो," बायनाबाई म्हणाली. "पन आता ह्याहिचं काय कराचं? शनवार हाये आन सगळे घरीच हायेत! सकाळपासून माह्या मागं मागं फिरून राह्यला. भाजीत मीठ काऊन कमी म्हनते, कोंबडी इकडं काऊन बसली म्हनते. मी म्हनलं घरी राह्य, पन एवढा?"

"माहा तर माह्या मायच्या गोष्टी काढून राह्यला," दुसरी म्हणाली.

"मग मी काय करू?" मी विचारले.

"शाळेत घ्या त्याहिले."

मी हसले, पण त्या हसल्या नाहीत. माणसे त्यांच्या मागेच उभी होती, मान खाली घालून, नुकत्याच आंघोळी घातलेल्या मुलांसारखी. दसरूबाबाही होते. ते कोणाच्या सांगण्याने आले नव्हते. मजा बघायला आले होते.

लटारू गुरुजींनी आपणहून तट्टा सोडून भिंतीला लावला. खोली मोठी दिसू लागली. मुले पुढे, माणसे मागे. जागा पुरली नाही तेव्हा मुलांनी माणसांना मधे मधे घेतले. मी फळ्यावर शंकू काढला. माणसांना कळेना, तेव्हा गुरुजी गोंडीत समजावू लागले. त्यांनी कणसांचा ढीग सांगितला, वारूळ सांगितले, पावसात डोक्यावर घेतात ते बांबूचे टोप सांगितले. पहिलीतली जी मुले आजवर माझ्यासमोर तोंड उघडत नव्हती तीही ओरडून उत्तरे देऊ लागली. मी खडू गुरुजींच्या हातात दिला आणि सतरंजीवर मुलांत जाऊन बसले. इतकी वर्षे हा माणूस मीटिंगला का जात होता, कोण जाणे.

दहा वाजता लच्छूभाऊंनी करंगळी वर केली. गुरुजींनी माझ्याकडे पाहिले, मी दाराकडे पाहिले. दारात बायनाबाई तांदूळ निवडत बसली होती.

"बस म्हना त्याले," ती मान वर न करता म्हणाली. "आत्ताच जाऊन आला थो."